डॅशबोर्डवरचं चुकीचं तापमान: दोन बिघाड, दोन उलट दिशा

गाडीच्या मीटरमध्ये घड्याळाशेजारी बाहेरचं तापमान दाखवणारा लहानसा आकडा असतो. पुढच्या बंपरचं काम करून गाडी परत आली आणि थोड्याच दिवसांत माझ्या गाडीतला हा आकडा बिघडला. बिघाड एकाच बाजूचा असता तर लवकर उमगला असता. पण सकाळी गाडी काढताना आकडा खऱ्यापेक्षा कमी, गर्दीत रखडलं की भलताच जास्त, मोकळ्या रस्त्याला लागलं की पुन्हा कमी, आणि मधूनच एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं की थेट उणे ४०. भर उन्हात मीटरवर उणे ४० दिसायचं आणि शेजारी रस्त्यावर बर्फ असल्याचा इशारा देणारं चिन्ह लुकलुकायला लागायचं.

आकडाच तो, राहू दे चुकीचा, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण हा आकडा नुसता बघण्यासाठी नसतो. ज्या गाडीत ऑटोमॅटिक एसी असतो तिथे पंखा किती जोरात फिरवायचा, गरम-थंड हवेचं मिश्रण कसं ठेवायचं, आतलीच हवा फिरवायची की बाहेरची घ्यायची, या सगळ्या निर्णयांत बाहेरचं तापमान धरलेलं असतं. शिवाय बाहेर फार थंडी असेल तर कॉम्प्रेसर चालूच द्यायचा नाही, अशी सोय बहुतेक गाड्यांत असते. ही मर्यादा साधारण शून्याच्या जरा वर असते. त्यामुळे माझ्या मीटरवर उणे ४० आलं की एसीचा कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि पायाशी गरम वारा सुरू व्हायचा. गाडीच्या हिशेबाने बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि माणसांना ऊब द्यायची होती. यंत्रणा तिचं काम चोख करत होती, तिला मिळणारी माहिती खोटी होती.

एसी मधूनच बंद पडतो म्हटल्यावर एका गॅरेजमध्ये लगेच उत्तर मिळालं, ‘‘गॅस कमी झालाय, भरून घ्या.’’ मी नको म्हटलं. गॅस कमी असता तर सहसा गारवाही हळूहळू कमी झाला असता. इथे आकडा ठीक असताना एसी कडक थंड करत होता आणि आकडा कोसळला की त्याच क्षणी बंद. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधल्यासारख्या घडत असतील तर दोरीच शोधायला हवी. एसी अधूनमधून बंद पडण्याच्या तक्रारीत बाहेरच्या तापमानाचा आकडा कोणी विचारत नाही, आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा, असं माझं मत आहे.

आता हा आकडा येतो कुठून ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या आतल्या बाजूला, रेडिएटरच्या पुढे, एक छोटा सेन्सर क्लिपने अडकवलेला असतो. काही गाड्यांत तो दरवाजाच्या आरशाच्या खालच्या अंगाला असतो. आत असतो थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेला होणारा रोध बदलणारा छोटा भाग. थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्णतेत कमी होतो. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तक्त्यात २५ अंशांना सुमारे १० किलोओहम दिले आहेत. शून्य अंशाला तोच रोध ३३ किलोओहमच्या आसपास जातो आणि ४० अंशांना साधारण ५.३ वर उतरतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असू शकतो, म्हणून आपल्या गाडीचाच तक्ता बघावा. गाडीतलं कंट्रोल युनिट या सेन्सरला आतल्या एका रोधामार्फत ५ व्होल्ट देतं, सेन्सरवर किती व्होल्ट उरतात ते मोजतं आणि त्यावरून तापमान काढतं.

यातून दोन गोष्टी निघतात. वायर तुटली किंवा कनेक्टर निसटला, तर रोध अनंत होतो, युनिटला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ते समजतं की कडाक्याची थंडी आहे. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिनांमधून वीज झिरपायला लागली, तर रोध कमी दिसतो आणि आकडा वर जातो. म्हणजे आकडा कुठल्या बाजूला चुकतोय हे कळलं की अर्धी वाट कळते. उणे ४० हा आकडाही उगाच येत नाही. ओबीडीवर, म्हणजे गाडीतली माहिती आणि बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचायच्या व्यवस्थेत, हे तापमान एका बाइटमध्ये (शून्य ते २५५ मधला एक आकडा) पाठवतात आणि त्यातून ४० वजा करतात, त्यामुळे त्या मोजपट्टीचं तळच उणे ४० आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही तिथे एकच होतात, तेव्हा एककाची सेटिंग बदलून तो हलत नाही.

यात आणखी एक गुंता आहे आणि तो मुद्दाम घातलेला आहे. सेन्सर जे मोजतो ते जसंच्या तसं मीटरवर येत नाही. गाडी थांबली की इंजिन, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांची धग पुढच्या भागात साठते आणि सेन्सर तापतो. ही धग बाहेरची हवा म्हणून दाखवली जाऊ नये, म्हणून आकडा खाली जायचा असेल तर युनिट लगेच जाऊ देतं, पण वर जायचा असेल तर गाडी काही काळ ठरावीक वेगाने चालेपर्यंत थांबवून धरतं. इंजिन गरम असतानाच गाडी पुन्हा सुरू केली तर जुनाच साठवलेला आकडा दाखवतं. प्रत्येक गाडीत वेग आणि वेळ वेगवेगळी असते. त्यामुळे मीटरवरच्या आकड्याकडे बघून सेन्सरची परीक्षा घेता येत नाही. सेन्सरचा कच्चा आकडा पाहायचा तर ओबीडी स्कॅनर लागतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा स्कॅनरही पुरतो, फक्त आपल्या गाडीचं युनिट तो आकडा बाहेर देत असलं पाहिजे. माझ्या गाडीचं देत होतं.

स्कॅनर लावल्यावर साठवलेला एक कोड निघाला, पी००७३. पी००७० ते पी००७४ हे पाचही कोड बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचे आहेत. पी००७३ म्हणजे सर्किट हाय. इथे अनेकांची गफलत होते. हाय म्हटल्यावर तापमान जास्त असं वाटतं, पण जास्त झालेलं असतं व्होल्टेज, आणि व्होल्टेज जास्त म्हणजे तापमान कमी. माझ्या उणे ४० शी हे बरोबर जुळत होतं: कुठेतरी सर्किट तुटत होतं.

पण मग गर्दीत आकडा ४४ वर कसा जात होता? तुटणाऱ्या वायरने आकडा कधीच वर जात नाही. त्या दिवशी मी कागदावर दोन रकाने केले, एक वर जाण्याचा आणि एक खाली जाण्याचा, आणि दोन्हींसाठी वेगळं कारण शोधायचं ठरवलं.

आधी खरं तापमान कशाला म्हणायचं ते ठरवायला हवं होतं. मोबाइलवरचं हवामान आणि गाडीचा आकडा यांची तुलना करून सेन्सर बदलणारे लोक मी पाहिले आहेत. हवामान खात्याचं तापमान सावलीत, हवेशीर झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेलं असतं, आणि ते केंद्र आपल्यापासून बरंच लांब असू शकतं. गाडीचा सेन्सर डांबरापासून गुडघाभर उंचीवर असतो. दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा वरच्या हवेपेक्षा बरीच गरम असते. तिथे दोन-तीन अंश जास्त दिसले तर तो दोष नाही, सेन्सर त्याच्या जागेची हवा इमानदारीने सांगतोय. पावसात किंवा गाडी धुतल्यावर ओला सेन्सर सुकताना एखाद-दोन अंश कमीही दाखवतो. हे सगळं बाजूला काढल्याशिवाय दोष शोधायला बसू नये.

तुलनेसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पहाट. रात्रभर गाडी सावलीत बंद उभी असली की इंजिनाचं पाणी, इंजिनात जाणारी हवा आणि बाहेरची हवा या तिन्हींचे सेन्सर जवळपास एकाच तापमानाला येतात. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनरवर तिन्ही आकडे एकाखाली एक पाहायचे. हे करायला पैसा लागत नाही, काही उघडावं लागत नाही, आणि उत्तर मात्र स्वच्छ मिळतं. माझ्याकडे पाणी २६ दाखवत होतं, आत जाणारी हवा २५, आणि बाहेरची हवा २१. बंपरजवळ, बॉनेटला न चिकटवता, सावलीत टांगलेला साधा डिजिटल थर्मामीटर २५ म्हणत होता. तिघं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. गाडी पूर्ण गार असतानाही ४ अंश कमी, म्हणजे खाली जाणारी चूक धगेची नव्हती, विजेची होती.

मग बंपरखाली शिरायचं ठरवलं. हे करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून हात आत घालण्यापूर्वी चावी बंद आणि इंजिन थंड असावं. आणि बंपरच्या मागे एअरबॅगचे टकरीचे सेन्सरही असतात, ते चुकून उपटू नयेत. मी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबलो आणि मगच खालचं प्लॅस्टिकचं आवरण सोडवलं.

टॉर्च मारल्यावर पहिलं कारण समोर लटकत होतं. सेन्सरची क्लिप बंपरच्या आडव्या पट्टीवरच्या भोकात बसायला हवी होती. ते भोक रिकामं होतं. क्लिपचा एक कान मोडलेला, आणि सेन्सर आपल्याच वायरीवर झुलत कंडेन्सरच्या बारीक पात्यांना टेकला होता. कंडेन्सर म्हणजे एसीने केबिनमधून उचललेली सगळी उष्णता बाहेर टाकायची जागा. गाडी थांबलेली आणि एसी चालू असला की ती पाती हात लावता येणार नाही इतकी तापतात. चुलीला टेकवून ठेवलेल्या थर्मामीटरला घराचं तापमान विचारावं, तशातला प्रकार. गर्दीत रखडताना मधूनच वेग मिळाला की युनिट ही धग खरी मानून मीटरवरचा आकडा वर जाऊ देत असणार. गाडी वेगात असली की समोरच्या वाऱ्याने धग मागे जाते आणि सेन्सरला थोडी खरी हवा मिळते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर आकडा उतरत होता. बंपर काढून बसवताना हा सेन्सर सोडवावा लागतो. बसवणाऱ्याने तो परत जागेवर लावला नव्हता. कनेक्टर जोडलेला होता, त्यामुळे आकडा येत राहिला आणि कोणाला शंका आली नाही.

मला याचा राग आला, आणि अजूनही येतो. बंपरच्या कामानंतर रंग जुळतो का, फटी सारख्या आहेत का हे सगळे तपासतात. आत काय परत लागलं आणि काय लटकत राहिलं हे बघायला खाली वाकावं लागतं आणि कोणी वाकत नाही. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हवा वळवणारे प्लॅस्टिकचे पडदे असतात, तेही अशा वेळी परत बसत नाहीत. ते नसले की गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते, आणि सेन्सर जागेवर असूनही आकडा चढतो. माझे पडदे सुदैवाने होते.

नवी क्लिप आणून सेन्सर जागेवर बसवला. पुढच्या पहाटे पुन्हा तेच तीन आकडे पाहिले. गर्दीतलं चढणं थांबलं होतं, पण सकाळची चूक तशीच होती, ४ अंश कमी. आणि आता धगेची भर निघून गेल्यामुळे दुसरी चूक उघडी पडली. मोकळ्या रस्त्यावर दुपारी खरं ३४ असताना गाडी २८ सांगायला लागली. तापमान वाढलं तशी चूक वाढत होती. रोधाचा तक्ता समोर ठेवला आणि याचं कारण दिसलं.

समजा सर्किटमध्ये कुठेतरी २ किलोओहमचा आगंतुक रोध ओळीत आला आहे. शून्य अंशाला सेन्सरचे स्वतःचे ३३ किलोओहम असतात, त्यात २ मिळाले तर जेमतेम १ अंशाचा फरक पडतो. २५ अंशांना १० चे १२ होतात आणि आकडा २१ वर येतो. ४० अंशांना ५.३ चे ७.३ होतात आणि आकडा ३२ च्या आसपास जातो, म्हणजे ८ अंशांची चूक. तोच रोध, पण उष्णतेत त्याचं वजन वाढत जातं, कारण सेन्सरचा स्वतःचा रोध घटत जातो. माझे २१ आणि २८ हे दोन्ही आकडे या हिशेबात तंतोतंत बसत होते. चूक तापमानाबरोबर वाढत असेल आणि नेहमी कमीच्या बाजूला असेल, तर सेन्सरवर संशय घेण्याआधी जोड तपासावेत. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो, कारण हातात पाना न घेता तो दोषाची जागा सांगतो.

तरी सेन्सर निर्दोष आहे हे सिद्ध करायला हवं होतं. तो काढून घरात आणला. एका पेल्यात बर्फाचा चुरा आणि बेताचं पाणी घेऊन ढवळलं. नुसता बर्फ चालत नाही, तो शून्याखाली असू शकतो. बर्फ आणि पाणी एकत्र असेल तेव्हाच मिश्रण शून्यावर स्थिर राहतं. सेन्सरचं टोक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात बुडवलं आणि मल्टिमीटर लावला. आकडा चढत चढत ३३ किलोओहमच्या जवळ येऊन स्थिरावला. मग खोलीत, थर्मामीटरशेजारी बराच वेळ ठेवून मोजला. तिथेही तक्त्याशी जुळला. शेवटी बोटांच्या चिमटीत धरला तर रोध कुठेही उडी न मारता सलग उतरत गेला. थर्मिस्टर आतून तडकलेला असेल तर तो या उतारात मध्येच अडखळतो. माझा सेन्सर चांगला होता, आणि नवा घेतला असता तर चूक तशीच राहिली असती.

मग उरली वायर. सेन्सरच्या जागी, हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या) कनेक्टरमध्ये, १० किलोओहमचा साधा रोधक मल्टिमीटरच्या बारीक टोकांनी लावला. स्कॅनरवर २५ आलं. याचा अर्थ कनेक्टरपासून युनिटपर्यंतची वायर आणि युनिट दोन्ही ठीक. सेन्सर ठीक, वायर ठीक, तरी दोन्ही जोडल्यावर ४ अंशांची चूक. मध्ये उरतो तो फक्त जोड.

माझ्या सेन्सरला बोटभर लांबीच्या स्वतःच्या वायरी आहेत, त्यामुळे जोडलेल्या अवस्थेत कनेक्टरच्या दोन्ही बाजूंनी मागून बारीक सुई घालून मोजता आलं. इथे ओहम मोजण्यापेक्षा व्होल्ट मोजावेत. जोड चांगला असेल तर त्याच्या अलीकडे-पलीकडे फरक जवळपास शून्य असतो. एका पिनेवर तो शून्य होता. दुसऱ्या पिनेवर मल्टिमीटरने जवळपास अर्धा व्होल्ट दाखवला, आणि कनेक्टरला बोट लागलं तरी तो हलत होता.

खात्रीसाठी मुलीला गाडीत बसवलं, तिच्या हातात मोबाइल दिला आणि आकडा वाचत राहायला सांगितलं. मी खालून आधी वायरी हलवल्या, हार्नेसच्या मोठ्या वळणापासून पुढे पुढे येत.

‘‘एकवीस... एकवीस... एकवीस,’’ ती वाचत होती. कनेक्टरपाशी आलो आणि तो अंगठ्याने हलकेच वर दाबला.

‘‘बाबा, थांबा! चोवीस झालं... नाही, परत एकवीस.’’

जरा खाली ओढला.

‘‘उणे चाळीस!’’

खड्ड्यात चाक आदळल्यावर जे होत होतं ते मी अंगठ्याने करून दाखवत होतो.

कनेक्टर उघडून टॉर्चखाली धरला. एका पिनेवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि समोरच्या खोबणीतली पकड सैल पडली होती. वायरवाले याला कार्बन धरला म्हणतात, पण हा खरं तर तांब्याचा गंज. भोवतालची रबरी सील एका बाजूला दुमडून आत गेलेली होती. तिथून पाणी शिरलं. सेन्सर लटकत होता तेव्हा त्याच्या झोक्याचा सगळा ताण या कनेक्टरवर येत होता, सील त्यानेच सरकली असणार. म्हणजे मी वेगळे धरलेले दोन बिघाड मुळात एकाच हातातून आले होते: न लावलेल्या क्लिपमधून.

इतका पातळ थर इतका का भोवतो, याचंही कारण आहे. हेडलाइटच्या कनेक्टरमधून मोठा प्रवाह जातो, तिथे जोड बिघडला तर दिवा मंद होतो किंवा कनेक्टर तापून वितळतो. खराबी डोळ्यांना दिसते. सेन्सरच्या सर्किटमधून एक मिलिअँपिअरही जात नाही. काही तापत नाही, जळत नाही, फ्यूज उडत नाही. गंजाचा थर तिथे शांतपणे आणखी एक रोध होऊन बसतो आणि युनिट त्याला थंडी समजतं.

आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करून पाहिलं. आकडा लगेच २५ वर आला, पण पकड सैलच होती आणि हा कनेक्टर रस्त्याचं पाणी थेट अंगावर घेणारा आहे. साफ करून सोडून दिलेले असे जोड पुढच्या पावसाळ्यात परत येतात. म्हणून हार्नेसच्या बाजूचा कनेक्टर कापून टाकला आणि शेपटीसकट मिळणारा नवा लावला. कापलेली वायर काळी पडलेली निघाली, तेव्हा लखलखीत तांबं दिसेपर्यंत थोडं थोडं मागे कापत गेलो. गंज प्लॅस्टिकच्या आतून तारेवर चढत जातो आणि तो मागे राहिला तर नवा जोडही फुकट. दोन्ही जोड वेगवेगळ्या अंतरावर घेतले, म्हणजे एकमेकांना टेकणार नाहीत. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, बसवली. कनेक्टरच्या सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावलं. शेवटी वायरीला सेन्सरच्या खाली एक छोटं वळण देऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी वळणाच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही.

बॅटरी जोडली, कोड पुसला, गाडी सुरू केली. स्कॅनरवर २७, थर्मामीटरवर २७, आणि मीटरवर अजूनही जुनं २३. इथे कोणालाही वाटेल की काम फसलं. पण स्कॅनर बरोबर सांगत असेल तर घाबरायचं कारण नसतं: आकडा वर जायचाय, आणि वर जाऊ द्यायला युनिटला वेग हवा असतो. अंगणात उभ्या गाडीत कितीही वेळ बसून राहिलं तरी तो हलणार नाही. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने थोडं अंतर गेल्यावर मीटर एकेक अंशाने चढत २७ वर आला. काही गाड्यांत हा साठवलेला आकडा स्कॅनरने किंवा बटणांच्या ठरावीक जोडीने पुसताही येतो, त्याची पद्धत त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

ज्यांच्या गाडीत सेन्सर आरशात आहे त्यांनी बंपरखाली शिरण्याऐवजी दरवाजा आणि खांब यांच्यामधली रबरी नळी आधी बघावी. दरवाजा उघडला-मिटला की तिथली वायर वाकते आणि वर्षांनी आतून तुटते. दरवाजा हलवताना आकडा उड्या मारत असेल तर तिथेच शोधावं. आरसा बदलून घेतला असेल तर नव्या आरशात सेन्सर आहे की नाही तेही पाहावं. सेन्सर नसलेला स्वस्त आरसा बसवला की आकडा त्या दिवसापासूनच जातो.

त्यानंतरच्या पहाटे तिन्ही सेन्सर पुन्हा एका रांगेत पाहिले: २४, २४ आणि २४. खड्ड्यांच्या रस्त्यावरून मुद्दाम गाडी नेली, आकडा जागचा हलला नाही आणि एसीही बंद पडला नाही. गॅस अजून तोच आहे. गर्दीत बराच वेळ थांबलं की स्कॅनरवरचा कच्चा आकडा अजूनही दोन-तीन अंश चढतो, पण सेन्सर त्याच्या जागेवर आहे आणि ती धग इंजिनाची आहे. मीटरवर युनिट तो चढ दाखवत नाही. त्यात मी काही करायला गेलो नाही.